पाच माणसं, एक अल्बम आणि ३.४ तारे

मागच्या महिन्यात एका रविवारी भाची मुलुंडला आमच्याकडे आली होती. जेवणाला वेळ होता, म्हणून तिने स्पीकरवर एक अल्बम लावला. तिच्या लेखी तो पुरातन, माझ्या लेखी कॉलेजातला. नो डाउट या अमेरिकन बँडचा 'ट्रॅजिक किंग्डम', १० ऑक्टोबर १९९५ ला आलेला. गायिका ग्वेन स्टेफानी. चौदा गाणी, तासाभराचा ऐवज, आणि बहुतेक गाणी अशी की पाय आपोआप हलायला लागतात.

खोलीत आम्ही पाच जण होतो. भाची, मी, आई, माझा शाळेपासूनचा एक मित्र, आणि सोसायटीच्या भजनी मंडळात तबला वाजवणारे तळमजल्यावरचे काका. अल्बम संपायच्या आत पाच मतं तयार होती.

"मामा, काय एनर्जी आहे!" भाची.

"ठेका उलटा आहे यांचा. पण मजा येते," काका.

"याला रॉक म्हणायचं? ही तर वरात चाललीय," मित्र.

"बाई गाते चांगली, पण एवढी ओरडते कशाला?" आई, स्वयंपाकघराच्या दारातून.

मी काही बोललो नाही. मी १९९७ सालात गेलो होतो.

मग भाचीने फर्मान काढलं की प्रत्येकाने पाचपैकी तारे द्यायचे. तिचे ५, काकांचे ४, मित्राचा १, माझे ४, आईचे ३. बेरीज १७, सरासरी ३.४. म्हणजे बरा अल्बम, ठीकठाक, वेळ असेल तर ऐका. गंमत अशी की त्या खोलीत 'ठीकठाक' असं म्हणणारं कुणीच नव्हतं.

एकच अल्बम ऐकून माणसं इतकी वेगळी का बोलतात, हे 'आवड ज्याची त्याची' म्हणून सोडून देता येतं. पण त्यामागे बरीच कारणं आहेत आणि ती समजायला सोपी आहेत. मुख्य म्हणजे आम्ही पाचही जण एकाच गोष्टीबद्दल बोलतच नव्हतो.

काकांपासून सुरुवात करतो, कारण नेमकं कानात काय पडतंय हे फक्त त्यांनी सांगितलं होतं. हा बँड वाढला तो स्का नावाच्या संगीतावर. स्का जमैकातलं, १९५०च्या दशकाच्या अखेरीचं, रेगेच्याही आधीचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या तरुण बँडांनी ते पुन्हा उचललं, आणि तिथून ते कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम गावी या पोरांपर्यंत पोचलं. त्याची खूण ओळखायची तर तोंडाने मोजा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. आपण टाळी देतो ती आकड्यांवर. स्काचा गिटारवाला आकड्यांवर गप्प बसतो आणि प्रत्येक 'आणि'वर तारा वरच्या दिशेने झटकन छेडून लगेच दाबून टाकतो. चक्, चक्, चक्. आकडा रिकामा, 'आणि' भरलेला. म्हणून काकांना ठेका उलटा वाटला. तबलजीचा कान आधी सम शोधतो, आणि इथे गिटार समेच्या नेमकं पुढे-मागे नाचत असते.

यात शरीराचा भाग असा, की जिथे ठोका अपेक्षित आहे तिथे तो पूर्ण मिळाला नाही तर ती जागा आपण स्वतः भरतो, मानेने नाहीतर पायाने. 'स्पायडरवेब्ज' लागलं तेव्हा काकांची बोटं खुर्चीच्या हातावर नेमकी रिकाम्या जागांवर पडत होती. त्यांच्या नकळत ते बँडमध्ये सामील झाले होते. त्यांचे चार तारे गाण्याला कमी आणि त्या रिकाम्या जागांना जास्त होते, असं माझं मत. त्यांना एकही शब्द कळला नव्हता आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

मित्राचा एक तारा वेगळ्याच खात्यातला. हा माणूस धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला रांगा लावणाऱ्यांपैकी. १९८६ पासून चाललेला तो महोत्सव म्हणजे मुंबईच्या रॉकवाल्यांची पंढरी होती. त्याच्या कानाला रॉक म्हणजे गिटारचा खरखरीत, जाड आवाज. इथे गिटार स्वच्छ, तुटक, वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोन. त्याचं वाक्य वरवर अल्बमबद्दलचं वाटतं, पण ते होतं अल्बमच्या पाटीबद्दल. दुकानाच्या पाटीवर 'मिसळ' लिहिलंय आणि आत इडली मिळाली, तर इडली कितीही मऊ असो, तक्रार होणारच.

या अल्बमवर 'अल्टरनेटिव्ह रॉक' अशी पाटी लागते, आणि ही पाटी मुळातच घोटाळ्याची आहे. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. ऐंशीच्या दशकात मोठ्या रेडिओ स्टेशनांवर जे वाजत नव्हतं, कॉलेजच्या रेडिओवर आणि छोट्या कंपन्यांच्या रेकॉर्डवर जे चालत होतं, ते हे संगीत. १९९१ नंतर सिअ‍ॅटलचे ग्रंज, म्हणजे जाड, खरखरीत गिटारचे उदास बँड जगभर गाजले आणि पर्यायच मुख्य रस्ता झाला. पाटी मात्र तीच राहिली. नो डाउटचा पहिला अल्बम १९९२ साली आला तो नेमका या ग्रंजच्या पुरात, जेव्हा उदास चेहरा ही तरुणाईची खूण होती. उड्या मारणाऱ्या, हसऱ्या बँडकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तीन वर्षांनी हवा पालटली आणि तोच उत्साह लोकांना हवासा झाला. 'ट्रॅजिक किंग्डम' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण नऊ आठवडे पहिला होता, आणि १९९९ साली तिथे त्याला एक कोटी प्रतींसाठीचं डायमंड प्रमाणपत्र मिळालं. माझ्या मित्राच्या कानातलं कॅलेंडर १९९२ वरच थांबलंय, एवढंच. (हे त्याला दाखवणार आहे. भांडण होईल.)

आता आईच्या 'ओरडते'कडे. या वाक्याला सहज हसून सोडू नये, कारण बाईच्या आवाजाच्या रॉक अल्बमबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. त्यातला थोडा भाग कानाच्या रचनेचा आहे. आपला कान सगळे सूर सारख्या जोराने ऐकत नाही. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी हे मोजून दाखवलं. साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान फार हळवा असतो. बाळाच्या रडण्याची धार त्याच भागातली. खर्जातले सूर ऐकू यायला त्या मानाने बराच जोर लागतो. वर चढवलेल्या आवाजाची धार, 'स', 'च', 'ट' यांची टोकं सगळी त्या हळव्या पट्ट्यात जातात. त्यात स्पीकर छोटा, खर्ज जवळपास नसलेला. मग उरतो तो आवाजाचा वरचा भाग, आणि तो टोचतो.

लोकलमध्ये याचं प्रात्यक्षिक रोज होतं. गाडीची घरघर बहुतेक खालच्या पट्टीची असते आणि ती गाण्यातला खालचा भाग, म्हणजे बेस गिटार आणि मोठा ड्रम, झाकून टाकते. आपल्याला गाणं पोकळ वाटतं, आपण आवाज वाढवतो, खर्ज तरीही झाकलेलाच राहतो, आणि बाईचा आवाज मात्र कानात घुसतो. घाटकोपर येईपर्यंत मत तयार: कर्कश आहे. रात्री घरी चांगल्या हेडफोनवर तेच गाणं लावलं तर खालून बेसचा गोल, पळता सूर येतो आणि वरचा आवाज त्यावर बसलेला दिसतो. या अल्बमचा बेस न ऐकता मत देणं म्हणजे भजनात मृदंग बंद करून अभंगाला नावं ठेवणं.

पण सगळं कानावर ढकलणं हे खोटं होईल. पुरुष गायक घसा फाडून गायला की आपण त्याला तडफ म्हणतो. तोच जोर बाईने लावला की ओरडते, लाडिक बोलते, नखरे करते. स्टेफानी हे सगळं मुद्दाम करते: एका ओळीत लहान मुलीसारखा आवाज, पुढच्याच ओळीत गुरगुर, मध्येच लांबवलेला कंप. उंच पट्टीतल्या बायकांच्या आवाजांवर आपली दोन पिढ्यांची सिनेसंगीताची तालीम झालेली आहे, त्यामुळे उंची आईला खटकली नसावी. खटकला तो कडेचा खडबडीतपणा, बाईच्या गाण्यात ज्याची तिला सवय नाही.

या खडबडीतपणाचं कारण शब्दांत आहे, आणि इथे आमच्यापैकी तिघे जवळजवळ बहिरे होतो.

'जस्ट अ गर्ल' घ्या. चाल टुणटुणीत, गिटारची फिरकी अशी की वाढदिवसाच्या पार्टीत लावावी. मी ते वीसेक वर्षं 'मी साधीशी मुलगी' अशा गोड अर्थाने गुणगुणलो. भाचीने पहिल्याच फटक्यात ओळखलं की हे उपरोधाचं गाणं आहे. रात्री उशिरा मित्राच्या घरून एकटी गाडी चालवत आल्याबद्दल वडील रागावले, त्यावरून ते सुचलं. मुलगी आहेस म्हणून जपायचं, म्हणजेच मुलगी आहेस म्हणून अडवायचं. रात्री साडेअकराच्या गाडीने घरी येणाऱ्या, 'पोचलीस की फोन कर' ऐकणाऱ्या मुलीला याचं भाषांतर लागत नाही. मला लागलं, कारण मला कधी कुणी तसा फोन करायला सांगितला नाही.

'स्पायडरवेब्ज'ही तसंच. मागे लागलेल्या आणि फोनवर रद्दी कविता ऐकवणाऱ्या माणसाला टाळण्याबद्दल ते आहे. चाल उत्सवाची, मजकूर वैतागाचा. आणि अल्बमच्या पोटात एक मोठं दुःख आहे. बेस वाजवणारा टोनी कनाल आणि ग्वेन स्टेफानी यांचं सात वर्षांचं नातं तुटलं होतं. आडनाव वाचून थांबला असाल तर बरोबर थांबलात. कनालचे आईवडील भारतीय, जन्म लंडनचा, कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावलेलं. नातं तुटलं, बँड तुटला नाही. 'डोन्ट स्पीक' आणि 'हॅपी नाऊ?' ज्याच्यामुळे लिहिली गेली तोच माणूस त्या गाण्यांत तिच्या मागे उभा राहून बेस वाजवतो. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने गाणं पुन्हा मागे घेतलं आणि पहिल्यांदाच फक्त खालचा सूर ऐकला.

आनंदी चाल आणि कडू शब्द असं असलं की मतं फुटतात, कारण मेंदूला दोन वेगळ्या चिठ्ठ्या मिळतात. जलद लय माणसाला जागं करते, अंगात तरतरी आणते. ही तरतरी म्हणजे आनंदच असं नाही. रागातही तरतरी असते. मनाचे हे दोन वेगळे काटे आहेत, एक सुखद-दुःखदचा आणि एक शांत-उत्तेजितचा, अशी मांडणी जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली केली. 'जस्ट अ गर्ल'मध्ये दुसरा काटा टोकाला गेलेला आहे, पहिला मात्र ऐकणाऱ्याला शब्द किती कळतात त्यावर फिरतो. शब्द न कळणाऱ्याला पार्टी, कळणाऱ्याला चीड, आणि दोन्ही एकदम जाणवणाऱ्याला हा अल्बम ग्रेट वाटतो. आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे? ढोलकी कडाडत असते, बाई नाचत असते आणि लावणीतला मजकूर विरहाचा असतो.

भाषा येत नसली तरी भाव अजिबात पोचत नाही असंही नाही. १९९९ साली बॉल्कविल आणि थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी रागांची ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले. आनंद, दुःख आणि संताप हे भाव त्यांनी बऱ्यापैकी ओळखले, शांत भाव मात्र त्यांच्या हाती नीटसा लागला नाही. लय आणि सुरांची गुंतागुंत सीमा ओलांडते. उपरोध ओलांडत नाही.

आता माझे चार तारे, म्हणजे सगळ्यात अविश्वसनीय मत. मी अल्बम ऐकतच नव्हतो. केबलवर गाण्यांचे चॅनेल नवे होते, आतेभावाची कॅसेट होती, पेन्सिल घालून गुंडाळलेली टेप होती. होलब्रुक आणि शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या काळातली गाणी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना ऐकवून पाहिली, तेव्हा माणसांची सर्वाधिक पसंती त्यांच्या साधारण चोविशीच्या आसपास गाजलेल्या गाण्यांकडे झुकलेली आढळली. म्हणजे 'आमच्या काळी गाणी चांगली होती' हे वाक्य संगीताबद्दल नसून चोविशीबद्दल आहे.

शिवाय सवय. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिलं की निरर्थक शब्दसुद्धा पुन्हापुन्हा समोर आले की आवडू लागतात. अर्थात याला मर्यादा आहे, अती झालं की वीट येतो. 'डोन्ट स्पीक'चं तेच झालं. अमेरिकेच्या रेडिओ यादीवर ते सोळा आठवडे पहिलं होतं. इकडे टीव्हीवरही ते इतकं लागायचं की आतेभाऊ सुरुवातीची गिटार ऐकूनच चॅनेल बदलायचा.

त्या गाण्याने अल्बमच्या मतांमध्ये आणखी एक घोळ घातला, आणि हा मला सगळ्यात मजेशीर वाटतो. ते संथ, मायनर सुरावटीचं, रडवेलं गाणं आहे, म्हणजे अल्बममधल्या बाकीच्या गाण्यांहून अगदी वेगळं. आणि ते येतं दहाव्या नंबरावर! त्या एका गाण्यासाठी कॅसेट विकत घेणाऱ्याची कल्पना करा. त्याला हवा होता उशीत डोकं खुपसून ऐकायचा अल्बम. मिळालं काय, तर नऊ गाणी उड्या. चिडणारच तो. उलट उड्यांसाठी आलेल्याला दहावं गाणं म्हणजे रंगाचा बेरंग. दोघेही प्रामाणिक, दोघांचेही तारे कमी, आणि कारणं एकमेकांच्या थेट विरुद्ध.

म्हणूनच आकडा जपून वाचायचा. समजा दहा जणांनी एखाद्या अल्बमला प्रत्येकी ३ तारे दिले, आणि दुसऱ्या एकाला पाच जणांनी ५ व पाच जणांनी १ दिला. सरासरी दोन्हीकडे ३. पहिला अल्बम बहुधा कंटाळवाणा. दुसरा तुम्हाला एकतर खूप आवडेल नाहीतर अजिबात नाही, आणि कंटाळा मात्र येणार नाही. तेव्हा सरासरीच्या आधी पसारा बघावा. त्यातही मत द्यायला पुढे येतात ते सहसा भारावलेले किंवा भडकलेले. 'बरं होतं' असं वाटलेला माणूस भांडी घासायला निघून जातो. आणि पहिल्या आठवड्यातली मतं बहुतेक जुन्या चाहत्यांची असतात, ती लग्नातल्या मुलाकडच्यांच्या कौतुकासारखी घ्यावीत.

आणखी एक गोष्ट आमच्या खोलीत घडली, तेव्हा लक्षात आली नाही. आकडे एकामागून एक, सगळ्यांसमोर दिले गेले. भाची आधी ओरडली, "पाच!" मग तिच्यावर माया असलेले काका चारच्या खाली कसे जाणार? आणि मित्र, ज्याला आयुष्यभर उलटंच बोलायचंय, एकच्या वर कसा येणार? सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ साली याचा मोठा प्रयोग छापला. अनोळखी बँडांची ४८ गाणी आणि १४ हजारांहून जास्त श्रोते. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत विभागलेलं, आणि प्रत्येक गटाला आपल्याच गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसत होतं. गाणी तीच असूनही आठ गटांत गाजलेली गाणी वेगवेगळी निघाली. फार चांगली गाणी सहसा पार तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं नशीब बरंचसं पहिल्या काही लोकांवर ठरलं. भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून मतं घेतली असती तर आमचा आकडा ३.४ आला नसता, हे पैजेवर सांगतो.

हे सगळं जेवताना मी भाचीला समजावत होतो. ती म्हणाली, "मामा, आजीच्या तीनचं राहिलं. ती ना भारावलेली ना भडकलेली. मग तिचं मत सगळ्यात खरं धरायचं का?"

मलाही ते पटलं. आईला विचारलं, तीन का दिलेस?

"अरे, तीनच तर गाणी ऐकली," आई म्हणाली. "मग कुकरची शिट्टी झाली."